नऊ करवंट्या

रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हटलं
की तो मैदानाच्या फाटकाशी आणून सोडतो.
इथे गोल्फ खेळताना कुणाला पाहिलंस,
असं मात्र त्याला विचारू नये.
क्रिकेटच्या दहा-बारा टोळ्या,
पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं,
आणि साखर उतरावी म्हणून गोल गोल फिरणारे आम्ही.

पाळदे पावणेसहाला येतात.
कानटोपी, स्वेटरवर स्वेटर,
खताच्या गोणीतून काढतात लोखंडी काठी,
सात नंबरची,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
बुधवारच्या बाजारात, नदीकाठी,
दीडशे सांगून नव्वदला दिली.
विकणाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला कुत्री हाकलायची असतील.

आधी करवंट्या पुरायच्या.
नऊ.
पहिली पाण्याच्या टाकीजवळ,
चौथी कडुनिंबाखाली, मुळांच्या कुशीत,
सातवी अशा जागी
की उजवीकडे गेला चेंडू तर थेट गटारात.
"चारात पार," पाळदे म्हणतात.
पार म्हणजे झाडाखालचा नव्हे, हे मला आता कळतं.

मी नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं मोजत आले.
कोऱ्या नोटांचा वास अजून बोटांना आहे,
नोटा तेवढ्या नाहीत.
म्हणून हिशेब माझ्याकडे,
वीजबिलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
पहिल्या करवंटीला मला अकरा लागले.
मी अकरा लिहिले.
पाळदे हसले. "साहेब लोक अकराचे सात लिहायचे, शैलाताई,
आणि माझ्याकडे बघायचे.
मी झाडाकडे बघायचो."

तेव्हा ते दहा वर्षांचे, देवळालीत,
फौजेच्या हिरवळीवर पिशवी वाहणारे.
पिशवीत चौदा काठ्या. फेरीला बारा आणे.
कुठली काठी कधी द्यायची,
वारा कुठून येतो, गवत कुणीकडे झुकलंय,
सगळं ठाऊक.
"आणि खेळलात कधी?"
"छे. हात लावायचा तो पुसायला."

दोन क्रिकेटवाले मधेच ओरडले, "आजी, वाइड!"
एकानं चेंडू पायानं अडवला,
उचलून बघितला, खड्ड्याखड्ड्यांचा.
"याला देवी आल्यात का?"
मी म्हटलं, ठेव जिथे होता तिथे. तिथेच. अजून जरा मागे.
त्यानं ठेवला, आणि वाकून बघत राहिला
मी काय करते ते.
मी चुकले. माती उडाली.
तोही मोजला.

फाटकावरचा देवरे रोज विचारतो, परवानगी आहे का?
रोज पाळदे म्हणतात, अर्जात आहे.
मग तो कटिंग पितो आमच्या पैशांचा.
फेरीची फी म्हणाल तर तेवढीच:
तीन कटिंग, आणि रविवारी एक खारी.

आठवीपर्यंत धुकं फिटलं.
पांडवलेणीचा डोंगर होता तिथे दिसू लागला.
माझे एकाहत्तर, त्यांचे त्रेचाळीस,
आणि तरीही प्रत्येक फटक्यानंतर
काठी, गोणी, पाण्याची बाटली
त्यांच्याच खांद्यावर.
मी हात पुढे केला की ते बाजूला सरकतात,
न बघता, सवयीनं,
खेळणाऱ्याच्या दोन पावलं मागे.

नववीला मी गोणी ओढूनच घेतली.
"ताई, असं नसतं."
"आज आहे."
खताचा वास, ट्यूबचा वास, एका काठीचं ते काय वजन.
मी त्यांच्या मागे चालले, दोन पावलं.
चेंडूपाशी थांबल्यावर
पदरानं लोखंड पुसलं आणि दिलं.

ते बराच वेळ उभे राहिले.
वारा बघत असावेत.
भरतीची पोरं आमच्यामागून दोन फेऱ्या धावून गेली.
मग फटका बसला,
आवाज असा, की देवरेनं फाटकातून मान काढली.

चेंडू कुठे गेला ते अजून माहीत नाही.
कुंपणाच्या जाळीशी शोधला, गटारात शोधला,
त्या क्रिकेटवाल्यानं बॅटनं गवत चाळलं.
नियमानं एक फटका दंड.
मी पेन्सिल काढली.
पाळदे माझ्याकडे बघत होते.
मी कडुनिंबाकडे बघितलं.